पेट्रोलमधलं इथेनॉल आणि कोकण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती आठवड्यावर आले की कणकवली-कुडाळ पट्ट्यातल्या गॅरेजांपुढे दुचाक्यांची रांग लागते आणि प्रत्येक गाडीमागे एक निदान तयार असतं. कोणी म्हणतं पेट्रोलात पाणी आहे, कोणी म्हणतं सगळा इथेनॉलचा खेळ. खालचे प्रश्न तिथे, पंपावर, जेटीवर आणि काजूच्या बागांत कानावर येणारे आहेत. जिथे हिशेब करता येतो तिथे तो मांडला आहे. बाकी ठिकाणी मत आहे, ते मत म्हणूनच वाचावं.

इथेनॉल म्हणजे दारूच ना?

हो, तोच अल्कोहोल. साखर किंवा पिठूळ पदार्थ आंबवायचे, ऊर्ध्वपातन करायचं, की इथेनॉल मिळतं. फेणीत ते साधारण ४२-४५ टक्के असतं. पेट्रोलात घालायचं इथेनॉल मात्र ९९.५ टक्क्यांच्या वर शुद्ध आणि कोरडं लागतं. नुसत्या भट्टीवर कितीही वेळा उतरवलं तरी ९५-९६ टक्क्यांच्या पुढे मजल जात नाही. शेवटचं पाणी काढायला वेगळी यंत्रणा लागते आणि खर्चही. शिवाय कोणी पिऊ नये म्हणून त्यात विकृतीकारक द्रव्य मिसळतात. तेव्हा आजोबांच्या भट्टीवर गाडी चालेल का, या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे.

पंपावर सध्या किती टक्के मिसळलेलं मिळतं?

२० टक्के. म्हणजे ई-२०.

हे एका रात्रीत झालेलं नाही. २००१ मध्ये देशात तीन ठिकाणी प्रायोगिक मिश्रण सुरू झालं, त्यातली दोन महाराष्ट्रातली: मिरज आणि मनमाड. २००३ मध्ये नऊ राज्यांत ५ टक्क्यांचा कार्यक्रम आला आणि मग वर्षानुवर्षं रखडला. २०१३-१४ मध्ये मिश्रण जेमतेम दीड टक्का होतं. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २० टक्क्यांसाठी २०३० साल ठरलं होतं, ते पुढे २०२५-२६ वर आणलं. जून २०२२ मध्ये १० टक्के झाले, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० पंपावर आलं आणि २०२५ मध्ये देशभर २० टक्क्यांची मजल गाठली गेली. पहिल्या दहा टक्क्यांना वीसेक वर्षं, पुढच्या दहांना तीन. लोकांचा गोंधळ उडाला तो या वेगामुळे. गाड्या त्या वेगानं बदलत नाहीत, गावाकडच्या तर नाहीतच.

मायलेज खरंच कमी होतं का?

होतं. किती, यावर भांडण आहे.

एक लिटर पेट्रोलात साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलात २१. म्हणजे दोन तृतीयांश. वीस टक्के पेट्रोलाच्या जागी इथेनॉल आलं की टाकीतली एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. इथेनॉलचा ऑक्टेन (इंजिन न ठोकता जळण्याचा गुण) मात्र १०८ च्या आसपास आहे, पेट्रोलापेक्षा बराच जास्त. इंजिन त्यासाठीच बांधलेलं असेल तर घट बरीचशी भरून निघते. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालात हेच आकडे आहेत: शुद्ध पेट्रोलासाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीत ६-७ टक्के घट, तशाच दुचाकीत ३-४ टक्के, आणि १० टक्क्यांसाठी बनवून २० साठी जुळवलेल्या चारचाकीत १-२ टक्के.

आपल्या भाषेत सांगायचं तर ५० चं ॲव्हरेज देणारी जुनी दुचाकी ४८ देईल. मुंबई ते कणकवली साधारण साडेचारशे किलोमीटर. पंधराच्या ॲव्हरेजनं तीस लिटर पेट्रोल. सहा टक्के धरले तर जास्तीचं पेट्रोल दोन लिटरच्या आत, म्हणजे दोनशे रुपयांच्या आसपास. महामार्गाच्या खड्ड्यांत आणि वडखळच्या रांगेत याहून जास्त जळतं, त्यामुळे "ॲव्हरेज निम्म्यावर आलं" म्हणणाऱ्यानं आधी एअर फिल्टर आणि टायरची हवा बघावी. पण रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरणाऱ्या मासळीविक्रेत्याला किंवा रिक्षावाल्याला तीन टक्केही वर्षाच्या शेवटी जाणवतात, आणि त्याला "नगण्य आहे" असं सांगणं बरं दिसत नाही.

मग पेट्रोल स्वस्त का होत नाही?

हा सगळ्यात रास्त प्रश्न. कमी ऊर्जा देता, तर भाव कमी लावा.

गोम अशी की इथेनॉल आता स्वस्त राहिलेलं नाही. त्याचा भाव सरकार ठरवतं, कच्च्या मालाप्रमाणे वेगवेगळा. २०२४-२५ च्या पुरवठा वर्षात सी-हेवी मळीपासूनचं, म्हणजे बहुतेक साखर काढून उरलेल्या मळीचं, ५७.९७ रुपये लिटर, जास्त साखर उरलेल्या बी-हेवीचं ६०.७३, उसाच्या रसाचं ६५.६१ आणि मक्याचं ७१.८६. वाहतूक आणि जीएसटी धरून तेल कंपन्यांना सरासरी ७१.३२ रुपये पडत होते, असं पेट्रोलियम मंत्रालयानंच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं, आणि हा भाव शुद्धीकरण कारखान्यातून निघणाऱ्या पेट्रोलापेक्षा जास्त असल्याचंही मान्य केलं. पंपावर आपण शंभराच्या वर देतो त्यात मोठा वाटा करांचा आणि डीलरच्या कमिशनचा असतो. त्यामुळे "इथेनॉल स्वस्त म्हणून पेट्रोल स्वस्त" हे गणित निदान सध्या जमत नाही.

सरकारची बाजू वेगळी आहे. आपण कच्च्या तेलाच्या गरजेपैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त आयात करतो. २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत इथेनॉलमुळे १ लाख ४४ हजार कोटींहून जास्त परकीय चलन वाचलं, असा सरकारी हिशेब आहे. देशाच्या पातळीवर हा फायदा खरा आहे. फक्त तो ग्राहकाच्या बिलात दिसत नाही.

माझी गाडी २०१२ ची आहे. खराब होईल का?

लगेच बंद पडणार नाही. पण लक्ष ठेवा.

एप्रिल २०२३ पासून बाजारात आलेल्या गाड्यांचे रबरी आणि प्लास्टिकचे भाग ई-२० ला टिकणारे आहेत, आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनंही त्यासाठी जुळवलेली आहेत. त्याआधीच्या गाड्यांत इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं किंवा कडक करतं: पेट्रोलची नळी, फ्लोटची सुई, वॉशर, ओ-रिंग. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळही ते सोडवतं, आणि तो गाळ थेट जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात, जाऊन बसतो. म्हणून पहिल्या दोन-चार टाक्यांत "मिस मारते" ही तक्रार जास्त येते.

दुसरी गोष्ट कार्ब्युरेटरची. इथेनॉलात ऑक्सिजन असतो, त्यामुळे हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं. इंजेक्शनच्या गाडीतला सेन्सर ते ओळखून पेट्रोल वाढवतो. २०२० च्या आधीच्या बहुतेक दुचाक्यांना कार्ब्युरेटर आहे आणि त्याला डोळे नाहीत. सकाळी थंड गाडी चोकशिवाय उचलत नसेल, चढाला पिकअप पडत असेल, तर मेकॅनिककडून मिश्रण थोडं जाड करून घ्या. पेट्रोलची नळी बदलायला फार पैसे लागत नाहीत, ती आधी बदला. गळक्या नळीतलं पेट्रोल गरम इंजिनावर पडणं हा मायलेजपेक्षा कितीतरी मोठा धोका आहे.

गावाकडे ठेवलेली बाइक गणपतीत सुरूच होत नाही. इथेनॉलमुळे का?

बऱ्याचदा हो, निदान अर्धा दोष त्याचा. आणि हा प्रश्न खास कोकणातला, म्हणून जरा विस्तारानं.

इथेनॉल पाणी ओढून घेतं. नुसत्या पेट्रोलात पाणी मिसळत नाही, ते तळाला बसतं आणि मेकॅनिक ते काढून टाकतो. इथेनॉल घातलेलं पेट्रोल मात्र एका हद्दीपर्यंत पाणी पोटात घेतं, आणि रोज चालणाऱ्या गाडीला याचा फायदाच होतो, कारण थोडं पाणी जळून निघून जातं. ती हद्द ओलांडली की खेळ उलटतो. पाणी आणि इथेनॉल दोघं एकत्र वेगळे होऊन खाली बसतात, वर उरतं ऑक्टेन घटलेलं पेट्रोल. गाडी पेट्रोल ओढते ते तळातून. म्हणजे किक मारल्यावर इंजिनाला मिळतो तो खालचा थर.

आता शिमग्याला आलेला चाकरमानी बाइक पडवीत लावून मुंबईला जातो. टाकीत दोन-तीन लिटर पेट्रोल, बाकी हवा. जूनपासून त्या हवेत ओल भरते. दिवसा पत्रा तापतो, रात्री गार पडतो, आतल्या बाजूला दव धरतं. तीन महिने हे चालतं. ऑगस्ट-सप्टेंबरात कार्ब्युरेटर उघडला तर वाटीच्या तळाशी पांढरट-हिरवट खर आणि पिवळसर चिकटा सापडतो, पायलट जेटचं भोक बुजलेलं. हवेतल्या ओलीनं पूर्ण थर वेगळा व्हायला वेळ लागतो, पण टाकीच्या झाकणाचं रबर तडकलेलं असेल आणि पागोळीचं पाणी त्यावर पडत असेल तर एक पाऊस पुरतो.

उपाय साधे आहेत. गाडी दोन महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर पेट्रोल कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. टाकी एकतर काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करा. अर्धी टाकी सगळ्यात वाईट. झाकणाचं रबर बदला. कॉक नसलेल्या इंजेक्शनच्या गाडीला हा उपाय चालत नाही. तिथे शेजारच्या पोराला पंधरा दिवसांनी गाडी बाजारापर्यंत फिरवून आणायला सांगा. पोरं या कामाला नाही म्हणत नाहीत, पेट्रोल तेवढं संपलेलं मिळेल. आल्यावर जुनं पेट्रोल काढून ताजं भरा आणि मगच किक मारा. तळाचा थर एकदा आत गेला की बिल वाढतं.

पंपाच्या पेट्रोलात पाणी आहे हे कसं ओळखायचं?

पारदर्शक काचेच्या बाटलीत थोडं घ्या आणि अर्धा तास हलवू नका. दोन थर दिसले, किंवा पेट्रोल दुधट झालं, तर ते गाडीत घालू नका. पंपावरची फिल्टर पेपर चाचणी आणि घनतेची नोंद मागण्याचा आपल्याला हक्क आहे, मापाबद्दल शंका असेल तर पाच लिटरच्या मापानं मोजून दाखवायला सांगता येतं. फिल्टर पेपर भेसळीसाठी आहे, पाणी त्यात कळत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

मिश्रण पंपावर होत नाही, डेपोत होतं. पंपावर बिघडतं ते जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपल्यामुळे. म्हणून धो धो पावसात आवारात पाणी तुंबलेल्या पंपावर, किंवा टँकर नुकताच रिकामा होत असताना, पेट्रोल भरू नये. पूर्वी टाकीत पाणी गेलं तर पंपवाला ते उपसून बाकीचा माल विकू शकत होता. आता थर वेगळा झाला की सगळी टाकीच वाया जाते. त्याचाही घाटा मोठा आहे, तेव्हा दर वेळी त्यालाच चोर धरू नये.

पाणी घालून इथेनॉल वेगळं काढायचे व्हिडिओ फिरतात. करून बघू का?

करू नका. पाणी घातलं की इथेनॉल खाली बसतं हे खरं, पण वर उरलेल्या पेट्रोलाचा ऑक्टेन पडलेला असतो, कारण तेल कंपनीनं मूळ पेट्रोल इथेनॉलचा ऑक्टेन गृहीत धरूनच दिलेलं असतं. इंजिन ठोकायला लागतं. आणि स्वयंपाकघराच्या मागल्या दारी बादलीत पेट्रोल घुसळणं म्हणजे घराला आग लावायची तयारी.

"आमच्या होडयेचा मशीन पेट्रोलवर चलता. त्येका काय जातला?"

हा प्रश्न मालवण, देवगड, दाभोळकडे जेटीवर ऐकू येतो, आणि ई-२० च्या चर्चेत तो कुठेच नसतो. चर्चा कार आणि बाइकची चालते. किनाऱ्यावरच्या छोट्या होड्यांना, तारकर्लीच्या पर्यटक बोटींना मागे लावलेलं मशीन, म्हणजे ओबीएम (आउटबोर्ड मोटर), त्याकडे कोणी बघत नाही. (रॉकेलवर चालणाऱ्या मशीनचा हा प्रश्न नाही.)

बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली असते. पंपावर मिळतं २० टक्के. मध्ये मच्छीमार.

धोका तीन बाजूंनी आहे. पहिला, पातळ मिश्रण. रस्त्यावरची बाइक क्वचितच पूर्ण थ्रॉटलवर चालते, होडी भरतीविरुद्ध तासभर फुल रेसमध्ये असते. पातळ मिश्रणावर पिस्टन जास्त तापतो. दुसरा, पाणी. टाकीचा व्हेंट उघडा, आजूबाजूला खारी हवा, वर तुषार. रस्त्यावरच्या गाडीपेक्षा इथे पाणी जाण्याची संधी कितीतरी जास्त. तिसरा, नळी आणि हातानं दाबायचा रबरी फुगा. तो आतून सुटायला लागला की काळे कण फिल्टरमध्ये दिसतात. जुन्या फायबर होडीला बांधणीतच फायबरची टाकी असेल तर तिचं राळही इथेनॉल मऊ करू शकतं, तिथे वेगळी प्लास्टिकची टाकी लावून घेणंच बरं.

आणि मग १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी. होडी शाकारली जाते, मशीन घरात येतं, टाकीत उरलेलं पेट्रोल तसंच राहतं. नारळी पौर्णिमेला नारळ दिला की तेच पेट्रोल जोडून माणूस दर्यात जातो. रस्त्यावर गाडी बंद पडली तर ढकलता येते. बंदराच्या तोंडावर, लाटा फुटतात तिथे मशीन बंद पडलं तर काय होतं ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको.

म्हणून: बंदीआधी टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करा. ते पेट्रोल बाइकमध्ये जाळून टाका, पण टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं असेल तर तसं करू नका. नळीवर पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, पारदर्शक वाटीचा घ्या म्हणजे रोज बघता येतं. नळी आणि फुगा इथेनॉलला चालणारा मागून घ्या. दर्यात जाताना टाकी आदल्या दिवशीच्या पेट्रोलानं भरलेली असू दे, आदल्या महिन्याच्या नको.

माझं मत विचाराल तर बंदरांजवळच्या निवडक पंपांवर दहा टक्क्यांचं पेट्रोल ठेवावं ही मागणी मच्छीमार सोसायट्यांनी लावून धरायला हवी. संख्या थोडी आहे म्हणून हा प्रश्न दिसत नाही.

ट्रॉलरच्या डिझेलात पण घालतात का?

नाही. डिझेलात इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग जमले नाहीत, आयसोब्युटॅनॉल या दुसऱ्या अल्कोहोलवर काम चालू असल्याचं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२५ मध्ये सांगितलं. ट्रॉलरवाल्यांनी सध्या निर्धास्त राहावं.

विमा नाकारतील का?

ई-२० वापरल्यामुळे विमा बाद होत नाही, असा खुलासा पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये केला. वॉरंटीचं मात्र आपल्या गाडीच्या पुस्तिकेत वाचा. तिथे १० टक्के लिहिलं असेल तर कंपनीकडून लेखी उत्तर घेऊन ठेवा. तोंडी "काय होत नाय" चालणार नाही.

यातून कोकणाला काय मिळतं?

स्पष्ट बोलायचं तर फारसं काही नाही. फायदा घाटावर, दमट हवेचा त्रास खाली.

महाराष्ट्रातलं इथेनॉल मुख्यतः साखर कारखान्यांच्या जिवावर उभं राहिलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, नगर, सोलापूर. साखर पडून राहिली, भाव पडला, तर कारखान्याला इथेनॉलचा आधार असतो आणि उसाचं बिल वेळेवर निघण्याची शक्यता वाढते. एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल होतं. हा आधार खरा आहे, तो नाकारायचं कारण नाही. मात्र तो सरकारच्या मर्जीवर चालतो. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून रसापासून इथेनॉलवर अचानक बंदी आली, आठवड्याभरात ती सैल केली, आणि पुढच्या हंगामासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये निर्बंध उठले. ज्यांनी कर्ज काढून प्रकल्प उभे केले त्यांना विचारा.

कोकणात जांभा दगड, उतार, चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि मार्चनंतर विहिरी तळाला. उसाला बारा महिने पाणी लागतं. वैभववाडी, कणकवलीच्या काही भागांत पाटाच्या पाण्यावर ऊस होतो, तो घाट चढून गगनबावड्याकडे जातो. तेवढ्या शेतकऱ्यांना थोडा लाभ. बाकीच्यांनी "आपणही ऊस लावूया" म्हणण्याआधी पाण्याचा हिशेब बघावा: नीती आयोगाच्याच अहवालाप्रमाणे उसापासून एक लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. कारच्या चाळीस लिटरच्या टाकीत आठ लिटर इथेनॉल. त्यामागे बावीस-तेवीस हजार लिटर पाणी, म्हणजे दोन मोठे टँकर. मे महिन्यात ज्या वाडीत टँकरची वाट बघत हंडे लावलेले असतात तिथे हा आकडा मोठ्यानं वाचून दाखवावा.

काजूची बोंडं कुजून जातात. त्यांचं इथेनॉल का करत नाही?

दर एप्रिलमध्ये हा प्रश्न येतो, आणि प्रश्न चुकीचा नाही. बी काढून घेतली की बोंडू झाडाखाली टाकतात, बागेत आंबूस वास सुटतो, माश्या घोंगावतात. पलीकडे गोव्यात त्याच बोंडूची हुर्राक (पहिल्या उताराची सौम्य दारू) आणि फेणी होते, फेणीला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय तीच भट्टी लावली तर गुन्हा.

तर हिशेब करू. एक टन काजू बीमागे आठ ते दहा टन बोंडू पडतो. बोंडूच्या रसात साधारण दहा टक्के साखर. एक टन बोंडूतून सहा-सातशे लिटर रस, त्यात साठ-सत्तर किलो साखर, त्यापासून फार तर पस्तीस-चाळीस लिटर इथेनॉल. लिटरला साठ-पासष्ट रुपये धरले तर टनाला अडीच हजारांपर्यंत, किलोला अडीच रुपये. यातून वेचणी, वाहतूक, आंबवणं, ऊर्ध्वपातन, पाणी काढणं, सांडपाणी, सगळं वजा करायचं. उतारावरच्या बागेतून बोंडू वेचायला आलेल्या बाईची दिवसाची मजुरी धरा. हातात काही उरत नाही.

आणि प्रकल्पाच्या बाजूनं बघा. दिवसाला तीस हजार लिटरचा प्रकल्प या धंद्यात लहानच म्हणतात. त्याला रोज आठशे टन बोंडू लागेल. दहा टनी ऐंशी ट्रक. बोंडू एका दिवसात फुटतो, आंबतो, त्यामुळे दोडामार्गचा माल राजापूरला नेईपर्यंत अर्धा रस्त्यावर सांडलेला. हंगाम मार्च ते मे. उरलेले नऊ महिने प्रकल्पानं काय करायचं? मका किंवा तांदूळ आणायचा, म्हणजे मग काजूचं नावच उरत नाही.

बोंडूची खरी किंमत पिण्यात आणि खाण्यात आहे. सरबत, सिरप, सुकवलेली फोड, वाइन, आणि परवाना सोपा केला तर कोकणाची स्वतःची फेणी. दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र बोंडू प्रक्रियेवर बरीच वर्षं काम करत आलं आहे. जे पेय ग्राहक बाटलीला शेकडो रुपये देऊन पितो, ते साठ रुपये लिटरनं टाकीत ओतायचा हट्ट कशाला?

बांबू किंवा भाताचा पेंढा?

याला दुसऱ्या पिढीचं इथेनॉल म्हणतात, खाण्याच्या भागाऐवजी काडीकचऱ्यापासूनचं. पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये असा प्रकल्प सुरू झाला, वर्षाला दोन लाख टन भाताच्या काडापासून तीन कोटी लिटर, असा त्याचा आराखडा. पंजाब-हरियाणात काड शेतात जाळतात, तिथे ते ठीक. आपली खाचरं लहान, पेंढा गुरांच्या तोंडी जातो, दोन लाख टन गोळा करायचं म्हटलं तर डोंगर पालथे घालावे लागतील.

बांबूचं जरा विचार करण्यासारखं आहे. आसाममध्ये नुमालीगडला सप्टेंबर २०२५ मध्ये बांबूपासूनच्या इथेनॉल प्रकल्पाचं उद्घाटन झालं, खर्च सुमारे ५ हजार कोटी. सिंधुदुर्गात माणगा, म्हणजे इथला बांबू, भरपूर. पण माणग्याची काठी नगावर विकली जाते आणि इथेनॉलवाला टनावर घेणार. सरळ, भरीव काठी लगद्यासाठी देणं परवडणार नाही. शेंडे, वाकडी काठी, कारखान्यातला कचरा यांना कोणी भाव दिला तर बघावं.

इथेनॉलमुळे कोंबडी महागली म्हणतात. खरं का?

काही अंशी. देशातल्या इथेनॉलपैकी निम्म्याहून बरंच जास्त आता धान्यापासून होतं, त्यात मका पुढे. कोंबडीच्या खाद्यात मोठा वाटा मक्याचाच. मका इथेनॉलकडे वळला, भाव चढला, आणि एकेकाळी मका निर्यात करणारा देश २०२४ मध्ये आयात करू लागला. कोंबडीचा बाजारभाव श्रावण, उष्मा, रोग अशा अनेक गोष्टींवर हलतो, म्हणून वड्यांबरोबरच्या कोंबडीचं सगळं बिल इथेनॉलवर फाडता येणार नाही. खाद्याचा खर्च मात्र वाढला, हे पोल्ट्रीवाले सांगतात ते बरोबर आहे. तांदळाचंही तसंच: २०२४-२५ साठी अन्न महामंडळाचा ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलला दिला गेला.

निदान हवा तरी स्वच्छ होते ना?

नळकांड्यातून कार्बन मोनॉक्साइड कमी येतो, हे खरं. पिकापासून धुरापर्यंतचा हिशेब धरला तर उसाच्या इथेनॉलचा हरितगृह वायूंचा भार पेट्रोलापेक्षा ६५ टक्के आणि मक्याचा ५० टक्के कमी, असं सरकार सांगतं. उलट बाजूला ॲसिटाल्डिहाइड हा घातक वायू वाढतो. आणि मळीवरच्या डिस्टिलरीत एका लिटर इथेनॉलमागे आठ-बारा लिटर काळं, उग्र वासाचं सांडपाणी निघतं, ज्याला स्पेंटवॉश म्हणतात. ते बाहेर सोडायला बंदी आहे. लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतल्या नाल्यांचा रंग बघितलेल्या माणसाला बंदी आणि अंमलबजावणी यांतलं अंतर समजावून सांगावं लागत नाही. कोकणात डिस्टिलरी आणायची भाषा कोणी केली तर पहिला प्रश्न सांडपाण्याचा विचारा, रोजगाराचा नंतर.

ब्राझीलमध्ये चालतं, मग इथे रडगाणं का?

ब्राझीलनं १९७५ मध्ये सुरुवात केली. २००३ पासून तिथे कुठल्याही प्रमाणात चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या विकल्या जातात, आणि पंपावर मिश्र पेट्रोल आणि नुसतं इथेनॉल अशा दोन नळ्या असतात. पेट्रोलाच्या सत्तर टक्क्यांच्या आत इथेनॉलचा भाव असला तर लोक ते भरतात, नसला तर नाही. ऑगस्ट २०२५ पासून तिथलं मिश्रण ३० टक्के झालं, त्यावर बोंब झाली नाही, कारण गाड्या पन्नास वर्षांत त्या तयारीच्या झाल्या.

आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये काही राज्यांतल्या १८३ पंपांवर ई-१०० आणलं, पण त्यावर चालणाऱ्या गाड्याच रस्त्यावर नाहीत म्हटलं तरी चालेल. बाकी सगळीकडे एकच नळी. इथेनॉलनं गाडी मरते यापेक्षा विचारलंच नाही, ही लोकांची खरी तक्रार आहे. जुन्या पेट्रोलाचा पर्याय ठेवा ही याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. तेव्हा कोर्टातून काही होईल ही आशा सोडावी.

पुढे २७ किंवा ३० टक्के होणार का?

३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचा आराखडा २० टक्क्यांचाच आहे, असं मंत्रालयानं सांगितलं होतं. कारखान्यांची क्षमता गरजेपेक्षा जास्त उभी राहिली आहे, त्यामुळे दबाव वरच्या दिशेनंच असणार.

जुनी गाडी घेतोय. काय बघू?

पेट्रोलच्या झाकणाजवळ ई-२० चा स्टिकर आहे का ते बघा. नसेल तर नळी, फ्लोटची सुई आणि टाकीच्या झाकणाचं रबर बदलण्याचा खर्च किमतीतून कापून मागा. टाकीत टॉर्च मारून गंज बघा, विशेषतः किनाऱ्यालगतच्या गावातली गाडी असेल तर. वर्षातले आठ महिने ती पडवीतच उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरची, कॉक असलेली साधी गाडी इंजेक्शनवाल्यापेक्षा सांभाळायला सोपी पडते. गावातल्या गावात, दिवसाला वीस-तीस किलोमीटरच फिरायचं असेल आणि घरी चार्जिंगची सोय असेल, तर विजेची स्कूटर एकदा चालवून बघा. जुलैत वीज दोन-दोन दिवस जाते हे मात्र विकणारा सांगणार नाही.